ठिपकीचं स्वागतगीत

एका जंगलात ससे नावाचं एक कुटुंब राहत होतं. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. नाव सांगितलं की तिथले रहिवासी गोष्टीतल्या चुका काढत बसतात आणि गोष्ट राहते बाजूला. तेव्हा मांडी घालून बसा आणि ऐका. त्या कोपऱ्यातल्या बाळाने नाकातलं बोट काढावं.

तर हे जंगल फार सुधारलेलं होतं बरं का. तिथे कोणी कोणाला उघडपणे खात नसे. कोल्हा सभेला जाताना कपाळाला गंध लावी. अस्वल मधमाश्यांना 'माझ्या भगिनींनो' म्हणे आणि मगच पोळ्यात हात घाली. वाघोबा वर्षातून एकदा गवत खातानाचा फोटो काढून घेत आणि तो झाडाझाडावर लावत. फोटो झाला की गवत थुंकून टाकत. पण थुंकलेलं काही फोटोत येत नाही.

या जंगलात करवंदीच्या जाळीखाली ससे मंडळींचं बीळ होतं. भालचंद्रराव ससे आणि त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई. दोघंच राहत. मुलं नदीपलीकडे स्थायिक झाली होती. तिकडे शेतं होती, गाजरं आयती मिळत. सणावाराला मुलांचा निरोप येई, 'आई, तब्येतीला जप.' कुमुदिनीबाई जपत. पण तब्येत म्हणजे काही तान्हं मूल नव्हे. तिला जपून जपून किती जपणार? दिवस सरता सरत नसे.

त्या सुमारास जंगलात प्राणी पाळायची टूम निघाली. आता तुम्ही म्हणाल, प्राण्यांनीच प्राणी कसे पाळायचे? पाळायचे! मोठ्यांच्या गोष्टीत मध्ये बोलू नये.

मोराने एक पाल पाळली होती. आपल्या घरातल्या ट्यूबलाइटमागे असते तसली नव्हे. ही खडकाळ मुलखातली. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, म्हणून तिला बिबट्या-पाल म्हणत. ती भिंतीवर चढत नसे. तिच्या डोळ्यांना पापण्या होत्या, त्यामुळे ती तुमच्याआमच्यासारखे डोळे मिटून घेऊ शके. आणि तिचं शेपूट चांगलं गलेलठ्ठ होतं. मोराला वाटलं होतं की ही आपला नाच बघेल. तिने नाच सुरू झाल्याबरोबर डोळे मिटून घेतले. मोराने तिला त्याच दिवशी तळ्यावर नेऊन सोडलं.

तळ्यावर कासवदादा असत. लोकांनी हौसेने आणून टाकून दिलेल्या जिवांना ते सांभाळत. हळू बोलत आणि तुसडं बोलत. कुमुदिनीबाई तिथे पाण्याला गेल्या आणि त्यांनी ती पाल पाहिली. दगडाच्या फटीतून एवढंसं तोंड बाहेर होतं. ओठांची ठेवण अशी, की ती हसतेय असंच वाटावं.

"अगं बाई, किती गोड! आणि एवढीशी!" कुमुदिनीबाईंना भरूनच आलं. "कासवदादा, मी नेऊ हिला?"

"न्या," कासवदादा म्हणाले. मग बराच वेळ गेला. "राहायच्या जागेची एक बाजू उबदार ठेवा. दुसरी गार ठेवा. मध्ये लपायला अंधारी फट ठेवा. वाटीत पाणी ठेवा. आणि मग तिच्या वाटेला जाऊ नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काही करू नका. बघू नका, बोलू नका, हात लावू नका. ती नवी आहे. तिला जागा ओळखीची वाटली की आपली आपण बाहेर येईल."

"आणि मायेने जरासं उचललं तर?"

"तर शेपूट तोडून टाकेल आणि पळेल. तिची सगळी शिदोरी शेपटीत असते. शेपूट जाड आहे तोवर घोर नाही. ते बारीक होत गेलं म्हणजे समजा, पोटात काही जात नाही. आणि ते अगदीच बारीक झालं, की..."

पुढचं कासवदादांनी सांगितलं नाही.

"छे छे, मी उपाशी ठेवीन होय? काय काय खाते ती?"

"किडे. जिवंत, हलणारे. रातकिडा तिला फार आवडतो."

"रातकिडा?" कुमुदिनीबाईंचे कान ताठ झाले. "अहो, आमच्या बिळात कांदासुद्धा येत नाही! आणि रातकिड्यांशी आमचा घरोबा आहे. संक्रांतीला येणंजाणं आहे."

"मग नेऊ नका."

"नेणार तर! राहील आमच्यात, तशी शिकेल घरचं वळण."

कासवदादांनी मान आत घेतली. त्यांच्याशी बोलणं संपलं, हे यावरून ओळखायचं असे.

कुमुदिनीबाईंनी तिचं नाव ठिपकी ठेवलं. भालचंद्ररावांनी आधी कुरकुर केली आणि मग दिवसभर खपून तिची जागा केली. बिळाच्या तोंडाशी ऊन येई, तिथे एक चपटा दगड बसवला. आत करवंदीच्या मुळांपाशी गारवा होता. मध्ये त्यांनी एक फट कोरली, तिच्यात ओलं शेवाळ अंथरलं आणि वर एक दगड झाकण म्हणून ठेवला. ठिपकी सरसरत फटीत गेली आणि दिसेनाशी झाली.

बाईंनी गाजर किसलं. मोड आलेले मूग घेतले. वर कोथिंबीर भुरभुरली. वाटी हलकेच फटीपाशी सरकवली.

ठिपकीने वाटीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"लाजतेय," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "नवीन आहे ना."

आता खरं सांगायचं तर बाईंनी मनावर दगड ठेवला होता. मुळीच जायचं नाही तिकडे, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. आणि त्या गेल्याही नसत्या. पण जंगलाची रीत होती. कोणाच्या घरी नवं कोणी आलं, सून असो, बाळ असो, नाहीतर नवा पाटा-वरवंटा असो, तर ते बघायला जायचं. न जाणं म्हणजे घरच्यांचा अपमान. आणि आलेल्याला न दाखवणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान.

पहिली टिटवी आली. "कुठाय, कुठाय, कुठाय?"

"झोपलीय हो," कुमुदिनीबाई कुजबुजल्या.

"मग उठवा की! एवढ्या लांबून आलेय मी." टिटवी समोरच्याच माळावर राहत होती.

नाही म्हणणं कुमुदिनीबाईंच्या वळणात नव्हतं. लहानपणापासून त्यांना शिकवलं होतं, आलेल्याचं मन मोडू नये. त्यांनी दगड उचलला. टिटवीने आत मान घातली आणि आनंदाने अशी काही ओरडली, की ठिपकी बिचारी शेवाळाच्या खाली घुसली.

मग रीघच लागली. घुबड आलं, मुंगूस आलं, सायाळीण आपल्या जावेला घेऊन आली. कोणी म्हणालं, हिला उन्हात धरा. कोणी म्हणालं, हिच्या अंगाला तेल लावा, त्वचा किती कोरडी आहे. मुंगसाने तिच्या कानात 'कुर्रर्र' केलं. अस्वलराव आले, त्यांनी तर दगड एका बोटाने बाजूला फेकला आणि ठिपकीच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली. ठिपकीचं शेपूट थरथरायला लागलं.

"अस्वलराव, नको हो," कुमुदिनीबाई कशाबशा म्हणाल्या. "शेपूट टाकेल ती."

"टाकू द्या की. मी उचलून देईन," अस्वलराव म्हणाले. मनाने ते फार चांगले होते.

वाटीतले मूग वाळले. बाईंनी ते टाकून भोपळ्याचा कीस ठेवला. तोही वाळला. एका संध्याकाळी त्यांनी पाहिलं, तर ठिपकीचं शेपूट, जे ती आली तेव्हा मुळ्याएवढं होतं, ते गवारीच्या शेंगेसारखं दिसत होतं.

त्या बीळभर फेऱ्या घालू लागल्या. भालचंद्रराव म्हणाले, "अगं, किडा आणून दे एखादा. कोणाला कळतंय!"

"मला कळेल ना," बाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणाचं लक्ष नाहीसं पाहून, त्या गवतात गेल्या. पानाखाली एक अळी बसली होती. हिरवीगार, रसरशीत. बाईंनी डोळे घट्ट मिटले आणि पंजा पुढे केला.

"काकू का? नमस्कार!" अळी म्हणाली. "मुलं बरी आहेत ना पलीकडे?"

"बरी आहेत गं," कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि तिथेच बसून त्या इतक्या रडल्या, की अळीलाच त्यांची समजूत घालावी लागली.

मग त्यांनी धीर केला. जन्मात प्रथमच त्यांनी एक तक्रार करायचं ठरवलं. कोल्हेसर जंगलातले मोठे कार्यकर्ते. कुठलंही काम त्यांच्याकडे न्यावं, ते कार्यक्रम करून परत देत. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या ठिपकीला जरा शांतता हवी हो. लोकांनी नाही आलं काही दिवस, तर ती जेवेल तरी."

झालं! तिथेच चुकलं. आहे त्या त्रासात माणूस कसाबसा जगतो. पण त्याने कार्यकर्त्यांकडे मदत मागितली, की मग त्याचं काही खरं नाही.

"शांतता!" कोल्हेसरांचे डोळे चमकले. "बाई, तुम्ही अगदी बरोबर जागी आलात. ठिपकीला शांतता मिळालीच पाहिजे. आपण समिती स्थापन करू."

आणि 'ठिपकी शांतता समिती' स्थापन झाली. अध्यक्ष कोल्हेसर. शांतताप्रमुख म्हणून टिटवीला नेमलं, कारण तिचा आवाज सगळीकडे पोचतो. सुरक्षेचं काम अस्वलरावांकडे गेलं.

समिती कामाला लागली. तुम्हाला काय सांगू! पहाटे टिटवी करवंदीच्या जाळीवर बसे आणि जीव खाऊन ओरडे, "शांतता! शांतता!" दुपारी शांतता फेरी निघे. पुढे ढोल, मागे सगळी माकडं, आणि घोषणा, "हळू बोला, हळू बोला! ठिपकी झोपली, हळू बोला!" फेरी बिळाला वळसा घाली, आणि ज्यांना फेरीत शिरायला जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी पुन्हा वळसा घाली.

बिळाच्या तोंडाशी समितीने पाटी लावली, 'आत डोकावू नये.' पाटी वाचून जो तो थांबे. कुठे डोकावू नये, हे नीट समजावं म्हणून आत डोकावे.

अस्वलराव तर कर्तव्याला फार जागत. ठिपकीला कोणी त्रास देत नाही ना, हे बघायला ते येता-जाता दगड उचलत. "कोणी आलं होतं का गं?" असं विचारत. ठिपकी थिजून बसे. "कोणी नाही आलं," असं स्वतःच म्हणून ते दगड धाडकन परत ठेवत.

कुमुदिनीबाई सगळ्यांना ताक देत होत्या. शांतता राखणाऱ्यांना तहान फार लागते.

शेपूट आता काडीसारखं झालं. ठिपकी डोळे उघडेनाशी झाली. बाई फटीपाशी बसत आणि नुसत्या तिच्या पोटाकडे बघत. पोट हलतंय ना, एवढंच बघत. "माझं मेलीचं चुकलं," त्या म्हणत. "मोरापाशीच बरी होतीस तू. तो निदान स्वतःत तरी रमलेला असायचा."

"कासवाकडे परत देऊया," भालचंद्रराव म्हणाले.

"वाटेतच जाईल हो ती. एवढं अंतर आता सोसायचं नाही तिला."

समितीची सभा भरली. टिटवीने अहवाल दिला की शांततेत कुठेही कमतरता नाही. घसा बसेपर्यंत शांतता राखली आहे. मग ठिपकी रुळत का नाही? पुष्कळ खल झाला. शेवटी कोल्हेसरांनी कपाळावरचं गंध खाजवलं आणि मुद्दा काढला.

"मंडळी, आपण एक गोष्ट विसरलो. ठिपकीचा जाहीर सत्कार झालेला नाही. नव्या ठिकाणी कोणी सत्कार केला नाही, तर कोणीही कसं रुळावं? मी तर माझ्या स्वतःच्या गुहेतसुद्धा सत्कार झाल्यावरच रुळलो."

सगळ्यांना ते एकदम पटलं. शालीसाठी वडाचं पान ठरलं. नारळ ठरला.

"आणि स्वागतगीत!" टिटवी म्हणाली.

"स्वागतगीत तर हवंच," कोल्हेसर म्हणाले. "किरकिरेबुवांना सांगू. बुवा आणि त्यांचे शिष्य. घरोब्याचेच आहेत. काय कुमुदिनीबाई?"

आता मुलांनो, हलू नका. इथे नीट लक्ष द्या. किरकिरेबुवा हे त्या जंगलातले नामांकित गायक. आणि ते होते रातकिडे.

कुमुदिनीबाईंनी बोलायला तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं, 'अहो, भलतंच काय!' त्यांना सांगायचं होतं, 'त्यांना सोडून कोणालाही बोलवा.' सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती. त्यांना ते काडीसारखं शेपूट दिसलं. ते जेमतेम हलणारं पोट दिसलं.

त्यांनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि त्या म्हणाल्या, "बोलवा. चहाचं मी बघते."

सत्काराच्या दिवशी ऊन कलल्यावर करवंदीच्या जाळीसमोर सतरंजी पडली. सारं जंगल जमलं. कोल्हेसर दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि दोन शब्द सोडून बाकी सगळे बोलले. उत्सवमूर्ती फटीत निपचित पडली होती. वडाचं पान तिच्या दगडावर पांघरलं. नारळ पाहून अस्वलरावांनी तो 'सांभाळायला' घेतला.

मग किरकिरेबुवा पुढे आले. मिशा लांब, पाय बारीक, चेहरा तृप्त. मागे चार शिष्य. बुवांची एकच तक्रार असे, की या जंगलात गाणं कोणी मन लावून ऐकत नाही. रोज संध्याकाळी ते गात आणि लोक म्हणत, 'काय ही किरकिर!' आज सगळे गप्प बसलेले बघून बुवांना गहिवर आला.

"माझी एक विनंती आहे," बुवा म्हणाले. "ज्यांच्यासाठी गायचं, त्या आत. आणि आम्ही बाहेर. हे बरं नव्हे. कलावंत आणि श्रोता यांत अंतर नसावं. आम्ही आत बसूनच गातो. फटीत आवाजही चांगला घुमेल."

"वा! वा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अस्वलरावांनी तत्परतेने दगड बाजूला केला.

कुमुदिनीबाई धावत पुढे आल्या. "बुवा!"

"बोला बाई."

"आत... आत अंधार आहे हो."

"कलावंताला अंधाराची भीती नसते," बुवा म्हणाले, आणि शिष्यांसह आत गेले.

कुमुदिनीबाईंनी आपल्याकडून सांगून पाहिलं होतं. याहून जास्त सांगणं पाहुण्यांशी उद्धटपणाचं झालं असतं. अस्वलरावांनी दगड जागेवर ठेवला.

गाणं सुरू झालं. पाच गळे एकदम लागले. "स्वागत असो, स्वागत असो, ठिपके अमुच्या वनी..." फटीतून आवाज असा काही घुमला, की घुबडाने मान डोलावली. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं.

दुसऱ्या कडव्यात चारच गळे ऐकू आले.

"बघा," कोल्हेसर शेजारी म्हणाले, "एकेक सूर कसा अलगद काढून घेताहेत."

मग तीन राहिले. मध्ये काहीतरी खुडबुडलं. "ठेका धरलाय," मुंगूस म्हणालं. मग दोन. मग बुवांचा एकट्याचा आवाज उरला. तो भलताच चढला. इतका उंच बुवा आयुष्यात कधी गेले नव्हते. सायाळीण म्हणाली, "काय ही तळमळ! अंगावर काटा आला!" तिच्या अंगावर तो कायमच असे. आणि त्या उंचीवरच, अर्ध्या ओळीत, आवाज थांबला.

कोणी हललं नाही. पान हललं नाही. टिटवीने सवयीने चोच उघडली आणि तशीच मिटली. समिती स्थापन झाल्यापासून त्या जंगलात पहिल्यांदा शांतता पसरली.

"समाधी लागली बुवांची," कोल्हेसर हलक्या आवाजात म्हणाले.

आणि दगडाच्या फटीतून एक एवढंसं तोंड बाहेर आलं. ठिपकीने जिभेने आधी एक गाल चाटला, मग दुसरा. ती आपल्या पायांनी चालत बाहेर आली. सगळ्यांसमोरून, कोणाकडेही न बघता, ती चपट्या दगडावर आली. दगड अजून उबदार होता. ती जरा टेकली. मग उठली आणि कुमुदिनीबाईंच्या पंजावर चढून बसली.

बाईंना हुंदका आवरेना. इतक्या दिवसांची भीती एकदम बाहेर आली. "जेवली गं माझी बाय! जेवली!" त्या बोलून गेल्या.

"काय जेवली?" टिटवीने विचारलं.

बाई गडबडल्या. "गाजर," त्या म्हणाल्या. "आत ठेवलं होतं. किसून."

"रुळली!" कोल्हेसरांनी आरोळी ठोकली. "समितीच्या प्रयत्नांना यश आलं! बुवांना बाहेर बोलवा. हार कुठाय?"

आता सगळे फटीकडे बघू लागले. बाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या, आणि आताच एक बोलून झालं होतं. म्हणतात ना, एकदा पाय ओला झाल्यावर... जाऊ दे, ते म्हणत नाहीत. दुसरं त्यांना सोपं गेलं, एवढंच.

"बुवा मागच्या वाटेने गेले," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "दौरा आहे त्यांचा. पलीकडच्या जंगलात."

"हारसुद्धा न घेता!" कोल्हेसर म्हणाले. "याला म्हणतात कलावंत."

बुवांच्या नावाने दोन मिनिटं टाळ्या वाजल्या. मग चहा झाला.

पुढे काय झालं म्हणता? पुढे सगळं चांगलंच झालं. ठिपकीचं शेपूट पुन्हा भरू लागलं. ती संध्याकाळी आपण होऊन बाहेर यायला लागली. कुमुदिनीबाईंच्या मांडीवर बसून ती करवंदीकडे बघत राही. भालचंद्रराव तिच्याशी दिवसभराच्या गप्पा मारत. इतकी वर्षं त्यांच्याशी कोणी बसून बोलत नव्हतं. ठिपकीही बोलत नसे, पण ती उठून जात नसे.

आणि समितीने ठराव केला, की स्वागतगीताने एवढा गुण आला, तर तो कार्यक्रम दर आठवड्याला व्हावा.

जंगलात बातमी फिरली. सशांकडे जाणकार श्रोता आला आहे. तिथे जो गायला, त्याला दुसरीकडे गावं लागत नाही. झालं, गायकांची रांग लागली. नाकतोडे आले, टोळ आले, भुंगे आले. ओळखी लावून आले. 'आमच्या भाच्याला एक संधी द्या,' म्हणून कुमुदिनीबाईंकडे चिठ्ठ्या येऊ लागल्या. ज्यांना जागा मिळाली, ते दौऱ्यावर गेले. ज्यांना मिळाली नाही, ते दुसऱ्यांचा दौरा पाहून जळले.

हळूहळू जंगलातली किरकिर थांबली. वाघोबा खूश झाले. त्यांनी सगळ्यांत शांत जंगल म्हणून समितीला मोठं पदक दिलं. पदक घेताना टिटवीने शांततेवर तासभर भाषण केलं.

कासवदादाही एकदा आले. निघाले होते फार पूर्वीच, पोचले मात्र आत्ता. त्यांनी ठिपकीला वरून खालून न्याहाळलं. शेपूट आता मुळ्यालाही लाजवील असं झालं होतं.

"छान झालीय," कासवदादा म्हणाले. "एकटं सोडलंत ना तिला?"

"सगळं जंगल येतं हो तिच्याकडे," कोल्हेसर अभिमानाने म्हणाले.

कासवदादांनी कान दिला. संध्याकाळ झाली होती, आणि एकही किडा वाजत नव्हता. ते कुमुदिनीबाईंकडे वळले. "खाते काय?"

"गाजर," बाई म्हणाल्या. नजर खाली होती. "आमच्यात राहून शिकली घरचं वळण."

कासवदादांनी बराच वेळ बाईंकडे पाहिलं. काहीतरी बोलणार, असं वाटलं. मग त्यांनी मान आत घेतली. कासवं दोनशे वर्षं कशी जगतात, ते मला त्या दिवशी समजलं.

सगळे गेल्यावर कुमुदिनीबाई एकट्याच उंबरठ्यात बसल्या. संक्रांत जवळ आली होती. आपण यंदा तिळगूळ द्यायला कोणाकडे जायचं, हे त्यांना आठवेना. रातकिड्यांच्या बिळाला जाळं लागलं होतं. त्यांना रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हमसून आलं. बुवा त्यांच्या मुलाच्या बारशाला गायले होते. त्या वेळीसुद्धा कोणी नीट ऐकलं नव्हतं.

मांडीवरची ठिपकी हलली. तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं. तिच्या ओठांची ठेवणच तशी, ती हसतेय असं वाटलं. तिची जेवायची वेळ झाली होती.

कुमुदिनीबाईंनी डोळे पुसले. उठल्या, अंगण झाडलं आणि सतरंजी घातली.

करवंदीच्या जाळीआडून एक नवी गायिका पुढे आली. अगदी कोवळी होती. पंख नुकतेच फुटलेले. तिने वाकून नमस्कार केला आणि घाबरत घाबरत विचारलं, "काकू, मी पहिल्यांदाच गातेय. ऐकतील ना त्या शेवटपर्यंत?"

"ऐकतील की," कुमुदिनीबाई मायेने म्हणाल्या, आणि त्यांनी दगड बाजूला केला. "ये हो, बाळ. आत ये."

तात्पर्य : नव्याने आलेल्याला रुळवायचं असेल, तर त्याला एकटं सोडू नये. सगळ्या समाजाने पुढाकार घेऊन त्याच्याभोवती जमावं. त्यातल्या कोणाचा ना कोणाचा उपयोग होतोच. तो उपयोग आपला होत नाही ना, एवढं बघावं.